एक एचपीचं चाक

९ जानेवारी

ताई,

तुला नमस्कार. बाबांनाही सांग, घेतला तर.

तुझं पत्र मुकादमाने जेवणाच्या सुट्टीत हातात दिलं. ते मी उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून वाचलं, आणि शेवटी मुकादमाच्याच हातात ठेवलं. म्हटलं, मला नीट वाचता येतंय ना तेवढं बघा. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "बरोबर आहे. तुझ्या बापाला विजेवरचं चाक पाहिजे."

बाबांना? आपल्याच बाबांना? "ज्याच्या खांद्यात दम नाही त्याने वीज शोधावी" हे कोण म्हणालं होतं, मी की शेजारी? याच एका चाकावरून आपल्या घरात भांड्याला भांडं लागलं. मी पिशवी उचलली आणि ते दारात आडवेसुद्धा आले नाहीत. तेव्हापासून माझा विषय निघाला की उठून भट्टीकडे जातात, हे तूच सांगितलंस. आणि आता लिहितेस, 'बाबा म्हणतात, त्याला विचार, चांगल्या मोटरचं चाक कुठे मिळतं.' त्याला! ताई, मी नुसत्या 'त्याला' या शब्दावरच दिवसभर अडकून पडलोय. साचा भरताना माती वरून वाहून गेली तरी मला पत्ता नाही.

तू दोन ओळी लिहितेस आणि बाकीचं गिळतेस, लहानपणापासूनची खोड. 'बाबांचा खांदा धरलाय' म्हणजे किती धरलाय? काठीने चाक फिरवता येतं की नाही? डॉक्टर काय म्हणाला? की डॉक्टरकडे नेलंच नाही?

फोन का करत नाही असं म्हणू नकोस. फोनवर आपण दोघं भांडतो, लिहिताना निदान मधे श्वास घ्यावा लागतो, हे तुझंच वाक्य. म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, शाळेने मला आणि मी शाळेला वेळेत सोडलं.

मी इथे काय करतो ते तू विचारलं नाहीस. तरी सांगतो. मातीचंच काम आहे. पातळ माती नळीने साच्यात ओतायची, बसली की उरलेली ओतून टाकायची, साचा उघडायचा. चाक नाही, बोटांचं काम नाही. आणि आतून निघतं काय, तर संडासची भांडी. आपल्या घराण्याच्या भांड्यातलं पाणी लोक पितात, माझ्या भांड्यावर लोक बसतात. हे बाबांना सांगू नकोस. म्हणावं, कारखान्यात आहे, मोठा कारखाना आहे.

चाकाचं मात्र मी हातावर हात ठेवून बसलो नाही. सुट्टीच्या दिवशी गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक काका कुंभारकामाची यंत्रं विकतात. दुकान कसलं, लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना चाकं मांडलेली, मधून माणसाने आडवं होऊन जायचं. काकांनी विचारलं, "किती एचपीचं?"

मी म्हटलं, "चांगलं."

"चांगलं हे माप नाही. बाबा एका वेळी किती माती घेतात?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. ते म्हणाले, "एवढा तर माझा नातू आहे. नीट विचारून ये."

मग त्यांनी समजावलं. रिकामं चाक सगळ्यांचंच पळतं, त्यावर जाऊ नये. मोटरचा जीव कळतो तो मंद फिरताना. वर मातीचा मोठा गोळा आहे, माणूस कोपर रोवून सगळं वजन टाकतोय, तेव्हा चाक तसंच फिरत राहिलं पाहिजे. पाव एचपी तिथे कण्हायला लागतं. अर्ध्यावर मध्यम भांडी होतात. रांजण, मोठ्या कुंड्या करायच्या तर एक एचपी. मी विचारलं, अर्धी अश्वशक्ती म्हणजे घोडा पुढचा की मागचा? ते हसले नाहीत. "मागचा," म्हणाले. "पुढचा नुसता खातो."

तेव्हा तू एक कर. बाबांनी हल्ली केलेलं एखादं भांडं माल नेणाऱ्या ट्रकवाल्याकडे दे. अगदी हल्लीचं. जाडी, उंची बघून काका बरोबर सांगतील. माझ्या आठवणीतल्या बाबांसाठी चाक घेऊन उपयोग नाही.

तुझा,
भिंगऱ्या

२ फेब्रुवारी

ताई,

कोण आहे तो?

नमस्कार वगैरे शेवटी करतो. आधी सांग, कोण आहे?

भांडं आलं. गवतात घालून, वर बाबांचा जुना सदरा गुंडाळून तू ते नीट पाठवलंस. ट्रकवाल्याने खोलीच्या दारातच दिलं. सदरा उघडला, वास बाबांचाच आला. मग भांडं हातात घेतलं आणि आपण लहानपणी करायचो तसं केलं. हात आत घातला, तळाशी बाबांच्या बोटाची रेघ सापडते तिच्यावर आपलं बोट ठेवायचं आणि गोल गोल वर काठापर्यंत यायचं. तू आधी पोचायचीस की मी.

बोट निघालंच नाही. मी ज्या अंगाने जातोय त्या अंगाने रेघ खाली उतरतेय. मला वाटलं भांडं उलटं धरलंय. भांडं कसं उलटं धरणार, ताई? तोंड वरच होतं! उजेडात नेऊन बघितलं. रेघा उलट्या चढल्यात. आपलं चाक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. आजोबांचं तसं, बाबांचं तसं, माझंही तसंच. हे भांडं ज्याने केलंय त्याचं चाक विरुद्ध अंगाने फिरतं.

मी भांडं मांडीत घेऊन खाली बसलो. खोलीवर राहणाऱ्या साचेवाल्याने विचारलं, "घरून वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "घरून भांडं आहे."

तू पत्रात काय लिहिलंस? 'बाबांचं भांडं पाठवते आहे.' तू खोटं बोलत नाहीस, बोललीस की कानाची पाळी लाल होते, पण पत्रात पाळी कुठे दिसते!

म्हणजे बाबांनी बाहेरचा माणूस बसवलाय. कुठला आहे? किती वर्षांचा? आणि राग कशाचा आलाय सांगू, भांडं चांगलं आहे. तळ जड नाही, पोट भरलेलं, काठ असा की बोट फिरवावं आणि फिरवतच राहावं. मी चिडून त्यात खोट शोधत होतो. तासभर शोधली. सापडली नाही.

जेवतो का तो आपल्याकडे? माझ्या पाटावर बसतो? बाबा त्याला 'बाळ' म्हणतात का?

जागा माझी आहे असं मी म्हणत नाही. मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण मी काकांना सांगून ठेवलं होतं की चाक घेऊन मी स्वतःच जाणार, जोडून देणार, आणि

इथे दोन ओळी खोडल्यात. वाचायचा प्रयत्न करू नकोस.

चाक कोणासाठी घ्यायचंय ते स्पष्ट लिही. त्या माणसासाठी असेल तर त्यानेच येऊन घ्यावं. हातपाय आहेत ना त्याला? हात तर आहेतच, बघितले मी.

नमस्कार.

भिंगऱ्या

१९ फेब्रुवारी

ताई,

तू?

मी हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनही वेळा इथेच थांबलो.

तुझं पाकीट जाड होतं तेव्हाच मला समजायला हवं होतं. कामावर असताना उघडलं. पहिलीच ओळ, 'कोणी माणूस नाही, मी आहे.' माझ्या हातात अर्धा साचा होता, तो सुटला. प्लास्टरचा साचा, फुटला. मुकादम ओरडत आला, "काय झालं?" मी म्हटलं, "माझी बहीण चाकावर बसते." तो म्हणाला, "मग साचा का फोडलास?"

तुझी सगळी पानं वाचली. बाबांचा खांदा असा गेलाय की ताट उचलता येत नाही, आणि हे तू मला 'धरलाय' असं लिहिलंस. रोपवाटिकेच्या मोठ्या कुंड्यांचं काम घेतलेलं होतं, बाबा आत पडून, आणि तू एका सकाळी जाऊन चाकावर बसलीस. काठी डाव्या हातात घेतलीस, मग चाक उलटंच फिरणार. मी डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला, ताई. चाक दिसतं, काठी दिसते, तू दिसत नाहीस. माझ्या डोळ्यांत तू कायम माती घेऊन येणारी. तू आणायचीस, मी बसायचो. उन्हाळा असतो, पावसाळा असतो, तसंच हेही असतं, असं वाटायचं. 'डावरीच्या हाताला चाक लागत नाही' असं बाबा म्हणायचे आणि ते म्हणाले म्हणजे झालंच.

आणि बाबा मागे येऊन उभे राहिले तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. तुला वाटलं आता काठी हिसकावतील. आणि ते एवढंच म्हणाले, "उलटं फिरवतेस."

तू म्हणालीस, "सुलटं मला येत नाही."

बस्स? एवढंच? मला तर विजेच्या चाकाच्या नुसत्या गोष्टी काढल्या म्हणून आठवडाभर घरात कोणी बोललं नव्हतं! ते उभे राहिले, तुझं भांडं उतरेपर्यंत थांबले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठायच्या आधी अंगणात पायाने माती तुडवत होते. तुझ्यासाठी. खांदा गेला तरी पाय आहेत म्हणाले. बाबा तुझ्या हाताखाली माती तुडवतात हे वाक्य मी लिहिलं खरं, पण अजून ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

मला काय वाटलं ते लिहू का? आधी हायसं वाटलं, परका नाही म्हणून. मग लक्षात आलं, परका असता तर त्याला हाकलता आलं असतं.

असो. तू चाक तुझ्यासाठी मागत होतीस आणि नाव बाबांचं लिहिलंस, कारण तुला वाटलं तुझ्यासाठी मी आणणार नाही. हे तू लिहिलं नाहीस. मला कळतं.

मी काकांकडे गेलो. म्हटलं, "बाबांसाठी नाही, बहिणीसाठी पाहिजे." त्यांचा हात लगेच कोपऱ्यातल्या चिमुकल्या चाकावर गेला. "लेडीजना पाव एचपी पुष्कळ. हलकं आहे, आवाज नाही, आणि गुलाबी रंगातसुद्धा येतं."

"काका, ती रांजण करते."

"कोण?"

"बहीण."

"रांजण?"

मी तुझं भांडं पिशवीतून काढलं. काकांनी हात आत घातला, बाहेर काढला, बाह्या सरसावल्या, परत घातला. मग गुलाबी चाकावर फडकं टाकलं. "तिला विचार," म्हणाले, "एका वेळी माती किती घेते."

तर विचारतोय. लाजू नकोस आणि फुगवू नकोस. खरं लिही.

तुझा,
भिंगऱ्या

११ मार्च

ताई,

'बाबा घेतात तेवढी, आणि वर एक ओंजळ.' तू हे इतक्या सहज लिहिलंस की जणू चहात साखर! मी काकांना वाचून दाखवलं. ते स्टुलावर बसले. "ओंजळ कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "ती आमच्याकडे मोठी आहे, तिला विचारायची सोय नाही."

आता काम सांगतो. काकांकडे तुझ्या मापाची दोनच चाकं निघाली. दाम थोड्याफार फरकाने सारखंच, त्यामुळे त्याचा प्रश्न नाही, आणि दाम मी देणार आहे त्यामुळे तोही प्रश्न नाही. वाद घालू नकोस.

पहिलं नवं आहे. अर्धा एचपी. पुढे एक खटका आहे, तो इकडे केला की चाक आपल्या अंगाने फिरतं, तिकडे केला की तुझ्या अंगाने. दुसरं जुनं आहे, एका बंद पडलेल्या कलाशाळेतून आलेलं. एक एचपी. लोखंडी सांगाडा, पट्टा जाड, मोटर एवढी की मांजर वर झोपलं तर पाय बाहेर येत नाहीत. पण ते एकाच अंगाने फिरतं. तुझ्या.

मी म्हटलं, काका, तारा बदलून उलटं फिरवून द्या, त्यात काय आहे! त्यांनी वरची लोखंडी तबकडी धरून पिळली आणि बाटलीच्या झाकणासारखी काढून हातात घेतली. ती आट्यांवर बसते. तुझ्या अंगाने फिरली की घट्ट होत जाते. आपल्या अंगाने फिरवली की सैल होते. "वर रांजण असेल आणि तबकडी सुटली," काका म्हणाले, "तर रांजण तुझ्या मांडीत आणि तू दवाखान्यात."

मग म्हणाले, "बसून तर बघ." कारखान्यातून घट्ट माती नेली होती. आधी नव्या चाकावर बसलो, खटका आपल्या बाजूला. ताई, किती दिवसांनी! गोळा टाकला, हात टेकवले, आणि हातांना सगळं आठवत होतं. मलाच माहीत नव्हतं त्यांना एवढं आठवतंय. बेताचा गोळा होता, छान वर आला. काका म्हणाले, "अरे, तू तर कुंभार आहेस!" मी नुसते हात धुतले.

मग जुन्यावर बसलो. मोटरचा आवाजच वेगळा, पोटातून आलेला. तोच गोळा टाकला, तसेच हात टेकवले. आणि काय झालं मला कळलंच नाही. माझे हात त्याला ढकलतात, तो माझ्या हातांना ढकलतो. उजवा कोपर उडाला, डावा कुठे ठेवायचा ते ठाऊक नाही. पेडल जरा जास्त दाबलं गेलं आणि गोळा निघाला तो थेट काकांच्या कॅलेंडरवर. त्या महिन्याचा दुसरा पंधरवडा गेला. काका खो खो हसत होते, मी मात्र गार पडलो होतो. लहानपणापासून जे एक काम मला न शिकवता येतं असं वाटायचं, तेच चाकाने तोंड फिरवल्यावर एका क्षणात परक्याचं झालं. हात माझेच, पण जणू कोणाकडून उसने आणलेले.

घरी येताना मनात आलं की तुझ्या हातात चमचा, सुई, कात्री, खडू जे काही दिलं गेलं, ते सगळं असंच उलटं फिरत असणार.

तर दोन्ही सांगितली. मोठ्या चाकावर फक्त तू बसू शकतेस. अर्ध्या एचपीवर बाबासुद्धा बसू शकतील. काठी फिरवायची नाही म्हटल्यावर खांद्याचं काम उरत नाही, आणि त्यांच्या बोटांना अजून काही झालेलं नाही. शिवाय त्यावर आणखी कोणीही बसू शकतं.

शेवटचं वाक्य उगाच लिहिलं. तू ठरव.

भिंगऱ्या

२९ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं आणि माझं डोकंच चालेना.

'अर्ध्याचं घे. बाबांनाही बसता येईल आणि तू आलास तर तुलाही. मोठ्या कुंड्यांचं काम मी सोडून देईन, लहान करीन.'

तू आलास तर. हे कुठून आणलंस? मी एका शब्दाने बोललेलो नाही! आणि खाली तू लिहितेस की खोडलेला कागद दिव्यासमोर धरला की सगळं वाचता येतं. हद्द झाली. मी वाचू नकोस म्हटलं होतं.

बरं, वाचलंसच तर लपवून काय करू. हो, मी तेच लिहिलं होतं. चाक जोडून द्यायचं आणि मग परतीची गाडी चुकवायची. बाबा थकलेत, चाक विजेचं, ते मी आणलेलं, मग त्यावर मी बसलो तर कोण काय म्हणणार! साचे भरून माझे हात बधीर झालेत, ताई. इथे मी तिसरं काम बदललं, चौथी खोली बदलली. पायाला भिंगरी आहे म्हणता तुम्ही सगळे. मला वाटलं होतं, पाय थांबतील तर तिथेच.

आणि तू ते वाचलंस आणि स्वतः सरकून बसलीस. जागा करून दिलीस. जसं गाडीत कोणी आलं की सरकतात तसं. इतकं सहज कसं सरकता येतं तुला? मला तुझा असा राग आला की मी पत्र घेऊन तडक काकांकडे गेलो. म्हटलं, अर्ध्याचं बांधा.

काका म्हणाले, "बांधतो. पण तिच्या मापाने एकदा बघू."

तुझ्या मापाने माती घेतली. बाबांची तेवढी, आणि वर एक ओंजळ. अर्ध्या एचपीवर टाकली, खटका आपल्या बाजूला, म्हणजे हात तरी माझे. मंद ठेवलं. कोपर रोवला आणि वजन टाकलं.

थांबलं.

हळू झालं नाही, कण्हलं नाही, चक्क थांबलं. मी दाबतोय आणि चाक माझ्याकडे बघतंय. आतून नुसता हूं असा आवाज. मी हात काढले की फिरतं, ठेवले की थांबतं. काकांनी बटण बंद केलं, म्हणाले, "जळेल." मी तिथेच बसून राहिलो. हात मातीत तसेच. मला दिसत होतं, तू त्यावर बसली आहेस, दाबते आहेस, ते थांबतंय, तू थोडी माती काढून ठेवतेस, परत दाबतेस, परत थांबतंय, आणखी काढतेस. आणि तू कोणाला काही बोलणार नाहीस. दोन ओळी लिहिशील, 'चाक छान आहे.'

मी उठलो आणि मोठं बांधायला सांगितलं.

उद्याच्या ट्रकने निघतंय. मी येत नाही. यात रागवायचं काही नाही, रुसलेलोही नाही. सामानासोबत माणूस आलाच पाहिजे असं थोडंच आहे.

आता नीट वाच. उतरवायला धडधाकट माणसं लागतील, बाबांना हात लावू देऊ नकोस, ते लावणारच. जमीन सपाट कर, डुगडुगलं तर खाली लाकडाचे तुकडे दे, वीट नको, वीट पिचते. अर्थिंगची तार वेगळी ओढून घे, यात कंजुषी नाही. ओल्या हाताने बटण नाही. पहिले काही दिवस पट्टा ताणेल, घसरला तर मोटरचे दोन नट सोडून मोटर जरा मागे घ्यायची. आणि तबकडी फिरताना घट्ट होते, ती काढायची झाली तर तबकडी धरून ठेवायची आणि खालचा दांडा तुझ्या अंगाने नाही, आपल्या अंगाने पिळायचा. तेवढ्या कामापुरते आपण आहोत.

बाबांना काय सांगायचं ते तू बघ. इतक्या वर्षांत त्यांच्या नावाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली गेली आणि मी अशी पाठवतोय की ज्यावर त्यांना बसता येणार नाही. ते भट्टीकडे निघून जातील. कदाचित या वेळी परत येणार नाहीत. मला त्यांच्याशी बोलायची हिंमत नाही.

तुझा,
भिंगऱ्या

४ मे

बाबा,

तुम्हाला पत्र लिहितोय याचा मलाच धक्का बसलाय, तुम्हाला किती बसेल देव जाणे. पत्र वाचवत नसेल तर ठेवून द्या, भट्टीत टाकू नका. ताईकडून वाचून मात्र घेऊ नका. का, ते खाली कळेल.

चाक पोचल्याचं ताईने कळवलं. तुम्ही उतरवायला हात लावलात हेही कळवलं. ते जोडून झाल्यावर तुम्ही त्याच्याभोवती फिरलात, मोटरवर हात ठेवलात, आणि विचारलंत, "हे माझ्या बाजूने फिरत नाही?" ताई म्हणाली, "नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि भट्टीकडे गेलात. ते वाचून मी पत्र घडी करून गादीखाली ठेवलं होतं. म्हटलं, झालं, संपलं.

काल तिचं दुसरं पत्र आलं. त्यात लिहिलेलं मी तुम्हाला सांगायचं नाही असं तिने बजावलंय, म्हणून सांगतोय.

ती सकाळी चाकावर बसायला जाते तेव्हा तबकडी आधीच ओली असते. तिला वाटलं छपरातून गळतंय, पण आभाळ कोरडं. मग वाटलं मांजर. म्हणून एक दिवस ती लवकर उठून दाराआड उभी राहिली. तुम्ही बसला होतात. पाय पेडलवर, हातात वाटीएवढा गोळा. तुम्ही तो ठेवलात, हात टेकवलेत, आणि तो उडून पाण्याच्या पिंपात गेला. तुम्ही जी शिवी दिलीत ती तिने पत्रात लिहिलेली नाही, फक्त एवढंच लिहिलंय की ती तिला नवीन होती. मग तुम्ही इकडे तिकडे बघितलंत, बाही वर करून पिंपात हात घातलात, गोळा काढलात आणि परत ठेवलात. तो परत उडाला. ती जाऊन अंथरुणात पडून राहिली, आणि रोज तुमचं होईपर्यंत पडून राहते.

बाबा, मी हे कारखान्याच्या पायरीवर बसून वाचलं. आजूबाजूने माणसं जात होती. मला हसू येत होतं आणि नाकातून पाणी येत होतं. मुकादम म्हणाला, "या वेळी काय, बाप चाकावर बसला का?" मी नुसती मान हलवली. तो दोन पायऱ्या खाली जाऊन बसला आणि म्हणाला, "तुमच्या घरी मला एकदा यायचंय."

तुम्ही! ज्यांनी डोळे बांधून रांजण केलाय ते! वाटीएवढ्या गोळ्यासाठी पिंपात हात घालताय!

आता माझं सांगतो, हे ताईलाही माहीत नाही. काकांच्या दुकानातली सगळीच चाकं मुळात तिच्याच अंगाने फिरतात. खटका असतो तोही आधी तिच्याच बाजूला असतो. मी सुट्टीच्या दिवशी तिथे जातो, मातीची पोती उतरवून देतो आणि ते मला एका चाकावर बसू देतात. खटका मी हलवत नाही. कॅलेंडर त्यांनी आता आतल्या खोलीत लावलंय.

अजून जमत नाही. डावा कोपर मांडीत रोवला की उजवा हात आपला आपण बाजूला पळतो. उजवा आवरावा तर श्वास अडकतो. मागच्या खेपेला क्षणभर वाटलं, गोळा न डगमगता चाकाच्या मध्यावर आला, आणि तेवढ्या आनंदानेच तो हलला. ताईला विचारलं तर ती दोन ओळींत सांगेल, आणि त्या दोन ओळी बरोबर असतील, पण मला तिला विचारायची लाज वाटते. तुम्हालाही वाटत असणार, नाहीतर असे पहाटे उठला नसतात.

तुमचा गोळा मध्यावर यायला लागला का? लागला असेल तर कोपर कुठे ठेवता, ते लिहा.

तुमचा,
भिंगऱ्या